तीन रकान्यांची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोला" असे सांगितले तेव्हा मी प्रथम हसलेच. मंडळात मी आजवर भजनाला टाळ धरले, संक्रांतीचे वाण वाटले, शिर्डीच्या सहलीचा हिशेब ठेवला (तो बावीस रुपयांनी चुकला होता, हेही पुष्कळजणींना आठवत असेल). पण माईकपुढे कधी उभी राहिले नाही. माझे शिक्षण सातवी. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी शाळा तेवढीच होती. पुढची शाळा दुसऱ्या गावी, वाटेत ओढा, आणि मुलीच्या जातीने रोज एवढे चालत जायचे कशाला, ह्या एका वाक्यावर वडिलांनी माझे दप्तर माळ्यावर टाकले. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्या.

विषय मला चिटणीसबाईंनीच दिला. कॉन्व्हेंटच्या शाळेत मुलांना समाजसेवा शिकवतात म्हणतात, ती कशी, हे सांगा म्हणाल्या. माझ्या दोन्ही मुली तिथे शिकल्या म्हणून ही जबाबदारी माझ्यावर. शाळेचे नाव मी घेणार नाही. पुढे मी तिच्याबद्दल चार बऱ्या आणि एकदोन तितक्या बऱ्या नसलेल्या गोष्टी बोलणार आहे, आणि नाव घेऊन बोलायचे तर शाळेचे म्हणणे ऐकायला शाळा इथे हवी.

हे प्रेसमध्ये नोकरीला. नोटा छापणाऱ्या घरात पैसा काही छापून येत नाही, हे नाशिकरोडच्या बायकांना सांगायला नको. तरी मुलींना इंग्रजी यावे अशी ह्यांची फार इच्छा, म्हणून थोरलीला कॉन्व्हेंटमध्ये घातले. सासूबाईंनी दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. "पोरी बाटतील" हा एकच धोशा. मी खरे सांगते, दहा वर्षांत तिथे कोणी माझ्या मुलींना आपला देव सोडा असे म्हटले नाही. ख्रिस्ती मुलींना त्यांच्या धर्माचा तास असे, त्या वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा. सासूबाई तर पुढे पुढे दर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला जाऊन मेणबत्ती लावून येऊ लागल्या, आणि परत येताना रेवडी घेऊन येत. तो भाग वेगळा.

तसे पाहिले तर मिशनरी मंडळी नाशिकला नवी नाहीत. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण ते नाव कशाने पडले हे मला थोरलीने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. 1854 च्या सुमारास तिथे मिशनऱ्यांनी ख्रिस्ती लोकांची वसाहत वसवली, शरण आलेल्यांचे गाव म्हणून. ते लोक कॅथलिक नव्हेत, दुसऱ्या पंथाचे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवलेली मुले समुद्रात जहाजांवरून सोडवून आणत, त्यांतली काही ह्या आपल्या शरणपुरात वाढली, शिकली. लिव्हिंगस्टन नावाचे मोठे प्रवासी 1873 साली आफ्रिकेच्या जंगलात वारले तेव्हा त्यांचे प्रेत महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेली मुले होती. एकाचे नाव जेकब वेनराइट. लंडनला त्यांच्या अंत्ययात्रेलाही तो हजर होता. मी ही गोष्ट ऐकली त्या दिवशी शरणपूर रोडला रिक्षातून उतरून दोन मिनिटे उगीच उभी राहिले. पाहण्यासारखे तिथे काही नव्हते, नुसती रहदारी.

आता मूळ विषयाकडे येते. थोरली आठवीत गेली तेव्हा वेळापत्रकात समाजसेवेचा तास आला. महिन्यातून दोन शनिवार मुलींच्या तुकड्या करून कुठे कुठे नेत. एक तुकडी वृद्धाश्रमात, एक नगरपालिकेच्या शाळेत लहान मुलांना वाचन घ्यायला, एक रेल्वेलाइनीच्या कडेच्या वस्तीत. माझी मुलगी वस्तीच्या तुकडीत. पहिल्या शनिवारी ती परत आली तेव्हा पायांना चिखल, आणि मी तिला दारातच उभी करून पायांवर पाणी ओतले. फी भरायची आम्ही आणि ह्यांनी पोरींना चिखलात हिंडवायचे, असे मी शेजारी बोलूनही दाखवले. त्या शेजारीण समोरच बसल्या आहेत, त्या हसताहेत.

तर ह्या तासाची एक वही होती. पान आडवे धरून तीन रकाने आखायचे. पहिल्यावर पाहा, दुसऱ्यावर पारखा, तिसऱ्यावर करा. पहिल्यात आपण डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच लिहायचे, आपले मत घालायचे नाही. दुसऱ्यात, हे असे का आहे, कोणामुळे आहे, ह्याचा विचार. तिसऱ्यात, मी स्वतः काय करणार. तिसरा रकाना रिकामा ठेवलेला चालत नसे, आणि त्यात "गरिबांवर दया करीन" असे लिहिलेलेही चालत नसे. काय करणार ते नेमके लिहा, म्हणून सिस्टर वही परत देत.

ही तीन रकान्यांची रीत कोणाची, हे मी मागाहून विचारले. बेल्जियम देशात जोसेफ कार्डाइन नावाचे एक पाद्री होऊन गेले. जन्म 1882 चा, कष्टकऱ्याच्या घरातला. हे पाद्री होण्यासाठी शिकायला गेले आणि बरोबरीची मुले कारखान्यात गेली. सुट्टीत घरी आले तर तीच जुनी मित्रमंडळी ह्यांच्याकडे परक्यासारखी पाहू लागली. तुम्ही शिकलेले, तुम्ही तिकडचे. ती गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. पुढे त्यांनी कारखान्यातल्या तरुण मुलामुलींच्या संघटना बांधल्या, आणि त्यांना स्वतःच्या जगण्याचा विचार करायला हे तीन शब्द दिले. 1961 साली पोपसाहेबांनी आपल्या पत्रात ही रीत घेतली तेव्हा ती जगभर कॅथलिकांत पसरली. माझी बालमैत्रीणही दहावी होऊन तलाठ्याची बायको झाली आणि मला ओळखेनाशी झाली, तेव्हा कार्डाइनबाबांचे दुःख मला थोडेसे कळते.

वहीत प्रत्येक पानाखाली पालकांची सही लागे. वही इंग्रजीत. मला इंग्रजी अक्षरे लागतात, पण अर्थ लागत नाही. आणि हे रात्रपाळीला. तेव्हा स्वयंपाक करता करता, पिठाचे बोट पदराला पुसून मी सही करीत असे. वर्षभर केली. थोरली नववीत गेली, तरी तेच चालू.

आणि एके दिवशी पान मराठीत आले.

मी म्हटले, "हे ग काय, सिस्टर रागावतील." ती म्हणाली, "मी विचारले आहे. तू वाचावेस म्हणून मराठीत लिहिले." आणि ती बाहेर गेली, उभी राहिली नाही.

पहिल्या रकान्यात लिहिले होते की, आमच्या घरी भांड्यांना येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा आहे. त्याचा कान तुटलेला आहे. तो मोरीच्या खिडकीत उपडा ठेवलेला असतो. मावशी तो स्वतः विसळतात. त्या आमचे सर्व कप विसळतात, पण त्यांना त्या कपांतून चहा मिळत नाही. बस. एवढेच. मत काही नाही.

दुसऱ्या रकान्यात काळाराम मंदिराचे होते. शाळेने त्या वर्षी त्यांना तिथे नेले होते. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दाराशी सत्याग्रह सुरू केला, आपल्या जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते, हजारो बायका-पुरुष दारात बसले, पाच वर्षे ती चळवळ चालली, दार काही उघडले नाही. आणि मग 1935 च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. मी लग्न होऊन आल्यापासून रामनवमीला त्या देवळात जाते. दगडी खांबांना हात लावते, प्रसाद घेते. त्या दारात कोण बसले होते हे मला माहीत नव्हते असे नाही, पण कधी मनात आले नव्हते. आणि मुलीने ते देऊळ आणि माझी मोरीची खिडकी एका रकान्यात आणून ठेवली.

मावशींची जात मी कधी विचारली नव्हती. विचारायची वेळ येऊ नये म्हणूनच तर तो कप होता. सासूबाईंच्या वेळचा तो. त्या गेल्या, आणि मी त्यांची तुळस जशी चालवली तसा कपही चालवला.

तिसऱ्या रकान्यात एकच ओळ होती : आईला दाखवीन.

भगिनींनो, मला शरम वाटली असे सांगितले तर तुम्हाला बरे वाटेल, पण मला आधी राग आला. भयंकर राग आला. घरातल्या गोष्टी शाळेत लिहून द्यायच्या, हे कुठले शिक्षण? दुसऱ्या दिवशी वही पदराखाली घेऊन मी शाळेत गेले. सिस्टरांनी बसायला सांगितले, पाणी दिले. मला जे बोलायचे होते ते मी बोलले. पोरींना हेरगिरी शिकवता का, असेही म्हटले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "वही अजून आमच्याकडे आलेली नाही. ती आधी तुमच्याकडे आली. सहीची जागा त्यासाठीच आहे." त्यांचे मराठी मोडके आहे, पण हे वाक्य चांगले सरळ आले.

मग मीही सोडले नाही. मी म्हटले, "वस्तीत पोरींना नेता, ते ठीक. पण वस्तीतल्या किती पोरी तुमच्या ह्या शाळेत आहेत?" मला वाटले, आता ह्या गप्प बसतील. तर त्यांनी माझ्याच हातातली वही घेतली, मागची पाने उलटली आणि एक पान काढून दिले. इंग्रजी. त्यांनी ते मला वाचून त्याचा अर्थ सांगितला. माझ्या मुलीने तोच प्रश्न शाळेबद्दल आठवीतच लिहून ठेवला होता : आम्ही ज्यांना शिकवायला जातो ती मुले आमच्या वर्गात का नाहीत? आणि खाली, पिठाच्या बोटाची, माझी सही.

ह्या प्रश्नाचे थोडे सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी हा अर्ज भरलेला असेल. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. खासगी शाळांनी पहिल्या वर्गात शंभरातल्या पंचवीस जागा गरीब व वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या, असे त्यात आहे. पण अल्पसंख्याकांच्या शाळांना हे बंधन लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला. आपल्या संस्था आपण चालवण्याचा हक्क घटनेने त्यांना दिला आहे म्हणून. कॅथलिक शाळा त्यातच येतात. 2025 साली त्याच न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका काढून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. कायद्याचे कायदेवाले पाहतील. मला घटनेतला हक्क मोडावा असे वाटत नाही. ज्यांची संख्या थोडी त्यांना तो हवाच. पण वस्तीतल्या आईला घटनेचे कलम दाखवून काय उपयोग? तिला एवढेच दिसते की ह्या पोरी शनिवारी येतात आणि तिची पोर सोमवारी त्या फाटकातून आत जाऊ शकत नाही.

सिस्टरांनी वाद घातला नाही. पुरेसे होत नाही, हे त्यांनी कबूल केले. पुढच्या जूनमध्ये त्या वस्तीतल्या दोन मुली बिनफीच्या घेतल्या. दोनच. मी ते मोठे करून सांगत नाही.

पण जाताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि नंतर थोरलीने मोबाइलवर शोधून ती मला वाचून दाखवली. कोलकात्यात सियालदह स्टेशनाजवळ लोरेटो डे स्कूल म्हणून कॅथलिक मुलींची शाळा आहे. तिथे सिस्टर सिरिल मूनी 1979 साली मुख्याध्यापिका झाल्या. मूळच्या आयर्लंडच्या, 1956 साली भारतात आल्या त्या इथलीच होऊन राहिल्या. शाळेच्या फाटकाबाहेर फलाटावरची, फुटपाथवरची मुले. आत फी भरणाऱ्यांच्या मुली. त्यांनी दोन गोष्टी केल्या. बिनफीच्या मुली वाढवत वाढवत निम्म्यापर्यंत नेल्या. चौदाशेत सुमारे सातशे. गणवेश सर्वांचा एक, बाके एक, कोण फी भरते कोण नाही हे वर्गात दिसायचे नाही. आणि दुसरे, शाळेची गच्ची फुटपाथवरच्या मुलांना मोकळी करून दिली. त्यांचे नाव इंद्रधनुष्य मुले. वाटेल त्या दिवशी या, वाटेल तेव्हा जा. त्यांना शिकवायचे कोणी? शाळेच्या पाचवी ते दहावीच्या मुलींनी, कार्यानुभवाच्या तासाला, एकीने एकाला घेऊन. आमच्या मुली त्या तासाला ओरिगामीचे बगळे करीत होत्या. अजून ते बगळे शोकेसमध्ये आहेत.

इंद्रधनुष्यातली मुले तयार झाली की नेहमीच्या वर्गांत घालत. सिस्टर सिरिलना 2007 साली पद्मश्री मिळाली. 2011 पर्यंत त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि 2023 साली वारल्या.

ह्या शाळेतली एक हकीकत ऐकताना मात्र मी हातातली भाजी निवडायची थांबले. त्या शाळेतल्या मुली आपल्या आजूबाजूच्या घरांत भांडी घासणाऱ्या, पोरे सांभाळणाऱ्या लहान मुली शोधून काढीत. मालकिणीशी भांडायला नाही. त्या मुलीशी आधी मैत्री करायची, खेळायला बोलवायचे, आणि मग हळूहळू मालकिणीला विचारायचे, हिला दोन तास शाळेत पाठवाल का? आमच्या मावशींची धाकटी दहा वर्षांची. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती आईबरोबर येई आणि भांडी विसळू लागे. मी तिला बिस्किटाचा पुडा देत असे आणि मला स्वतःचे कौतुक वाटत असे. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला लावणे 10 ऑक्टोबर 2006 पासून कायद्याने बंद आहे. पुड्याची किंमत पाच रुपये.

बरे, कपाचे काय झाले ते सांगायचे राहिले. शाळेतून आल्यावर दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो कान तुटलेला कप उचलून कचऱ्यात टाकला आणि मावशींना आमच्या नेहमीच्या कपात चहा दिला, ओट्यापाशी नाही, बाहेर खुर्चीवर बसवून. मला वाटले, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. असल्या प्रसंगी येते असे आपण वाचलेले असते. मावशी खुर्चीच्या कडेला बसल्या, बशीत ओतून भरभर प्यायल्या आणि उठल्या. मीच न राहवून म्हटले, "मावशी, इतकी वर्षे चुकलेच आमचे." तर त्या म्हणाल्या, "कपाचं काय घेऊन बसलात ताई. खाडे कापू नका, म्हंजे झालं."

मी ते ऐकून घेतले आणि रात्री हिशेबाची वही काढली. ती मी सातवीपासून नेटकी ठेवते (सहलीचे बावीस रुपये सोडले तर). मावशींना महिना नऊशे रुपये, म्हणजे दिवसाला तीस. महिन्याला सरासरी दोन खाडे, कधी ताप, कधी पोरीचे, कधी गावाकडचे मयत. साठ रुपये कापले. बारा महिन्यांचे सातशेवीस. दिवाळीला मेनरोडवरून त्यांना साडी आणली ती साडेचारशेची. म्हणजे त्यांच्याच कापलेल्या पैशांतून त्यांना साडी नेसवली आणि वर दोनशेसत्तर माझ्याकडे उरले. आणि साडी देताना मी हळदीकुंकू लावून फोटो काढला होता. तो मंडळाच्या वस्त्रदानाच्या फलकावर लागला होता.

ह्यांना मी तो हिशेब दाखवला. ह्यांनी विचारले, "मग आता काय?" मी म्हटले, "तुम्हाला रविवार मिळतो. आजारी पडलात तर पगार मिळतो. तो कोणी दिला?" युनियनने, म्हणाले. थोरली आतून म्हणाली, "बाबा, त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे." मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची सुट्टीच नसे. लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून ती मागितली, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळू लागली. पुढच्याच वर्षी, 1891 साली, रोमला तेरावे लिओ पोप होते त्यांनी कामगारांच्या मजुरीबद्दल आणि विसाव्याबद्दल मोठे पत्र काढले. कॉन्व्हेंटात समाजन्यायाचा धडा त्या पत्रापासून सुरू होतो म्हणे. आपला धडा त्याच्या एक वर्ष आधीचा आहे, पण तो आम्ही गिरणीच्या फाटकापाशीच ठेवला, घरात आणला नाही.

तेव्हापासून आमच्या घरी मावशींना महिन्याचे दोन दिवस भरपगारी सुट्टी आहे आणि आजारपणाचे पैसे कापत नाही. घरात काही मोठी क्रांती झाली असे नाही. एकदा त्या न सांगता तीन दिवस आल्या नाहीत, तेव्हा मी चिडले आणि बोलले. त्याही बोलल्या. भांडण झाले. पण खाडे कापले नाहीत. त्यांची धाकटी आता सुट्टीत येते ती थोरलीपाशी बसते, गणितात कच्ची आहे.

मागच्या कार्यकारिणीच्या सभेत मी हे मांडले तेव्हा एका भगिनी म्हणाल्या, सुट्टी दिली तर त्या येणारच नाहीत. दुसऱ्या म्हणाल्या, एकीने दिली की बाकीच्यांना द्यावी लागते, तुम्ही भाव बिघडवता. पहिलीचे उत्तर मी दिलेच : माझ्याकडे येतात. दुसरीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. एकीने दिली की बाकीच्यांना द्यावी लागेल. म्हणूनच मी ते मंडळात आणते आहे, घरातल्या घरात ठेवत नाही. वस्त्रदान बंद करा असे मी म्हणत नाही. पण त्या फलकाशेजारी, ह्या मंडळाच्या किती घरांत खाडे कापत नाहीत, तो आकडाही लागावा अशी माझी सूचना आहे. आज एक आहे.

आणखी एक काम आहे आणि ते आजच करण्यासारखे आहे. आपल्या राज्यात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. अठरा ते साठ वयाच्या, घरोघरी काम करणाऱ्या बायांची त्यात नोंदणी होते. आमच्या मावशी वीस वर्षे काम करताहेत, त्यांना ह्याचा पत्ता नव्हता, मलाही नव्हता. थोरलीने कामगार कार्यालयातून माहिती आणली. नोंदणीला आधारकार्ड, फोटो लागतात ते बाया आणतील. पण एक कागद त्या आणू शकत नाहीत, तो आपण द्यायचा असतो : ही बाई माझ्या घरी काम करते, असा दाखला.

ते दाखले थोरलीने मराठीत छापून आणले आहेत. हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी टेबलावर ठेवले आहेत, पेनही बांधून ठेवले आहे. ती सात वाजेपर्यंत बसणार आहे. ज्यांना चष्मा लागतो त्यांना ती वाचून दाखवील. वाचल्याशिवाय सही करू नका.